ताणणारा उस्ताद, लाटणारी बाई

"बायकांच्या हातात तेवढा जोर नसतो!" हे वाक्य मी आजवर नांगरापासून पखवाजापर्यंत अनेक गोष्टींबद्दल ऐकले आहे. गेल्या वर्षी ते नूडल्सबद्दल ऐकले. सांगणारी बाईच होती. आणि सांगताना ती मैद्याचे बावीस-तेवीस किलोचे पोते गुडघ्याने रेटत ओट्याखाली सरकवत होती!

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात फ्लशिंग म्हणून वस्ती आहे. सात नंबरच्या गाडीचे ते शेवटचे स्टेशन. बाहेर पडले की पाट्या चिनी, भाजीवाले चिनी, औषधांची दुकाने चिनी. माझी भाची त्या शहरात नोकरी करते. तिच्या कचेरीतली एक मैत्रीण चीनच्या गान्सू प्रांतातली. "मावशी, तुला खरे चिनी जेवण दाखवते," असे म्हणून भाचीने आम्हा दोघींना एका नूडल्सच्या दुकानात नेले. 'चायनीज' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर चौकातली लाल गाडी, कोबी आणि सोया सॉस येतो. त्याचा या जेवणाशी काही संबंध नाही. उत्तर चीन हा गव्हाचा मुलूख आहे. तिथे भात हे रोजचे अन्न नव्हे. तिथे कणीक मळतात, लाटतात, कापतात, ताणतात. आपल्या देशावरच्या बाईला ते स्वयंपाकघर लगेच ओळखीचे वाटेल.

दुकान साधे. सात-आठ टेबले, भिंतीवर पदार्थांचे फोटो, गल्ल्यावर पैसे भरून नंबर घ्यायचा आणि नंबर पुकारला की आपला वाडगा आपणच उचलून आणायचा. बारा-चौदा डॉलरला परातीएवढा वाडगा. मी टोमॅटो आणि अंड्याचा घेतला, भाचीच्या मैत्रिणीने तिच्या गावचा, म्हणजे लान्झोऊ शहराचा, गोमांसाच्या रश्शाचा. लान्झोऊत हे सकाळच्या न्याहारीला खातात. रस्सा नितळ, मुळ्याच्या चकत्या पांढऱ्या, मिरचीचे तेल लाल, कोथिंबीर आणि लसणाची पात हिरवी, नूडल्स पिवळसर, असे पाच रंग जमले तरच वाडगा जमला म्हणायचे. नूडलची जाडीही आपण सांगायची. केसासारखी, काडीसारखी, पातीसारखी, पट्ट्यासारखी. कोणी तिधारीही मागतात.

आणि हे सगळे आपल्यासमोर काचेआड तयार होते. काचेमागे पंचविशीतला एक तरुण उभा होता. त्याने कणकेचा हातभर लांब गोळा उचलला, दोन टोके धरून हात फाकवले, ओट्यावर फटकन आपटला, दुमडला, पुन्हा ताणला. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. आठव्या घडीला दोन हातांमध्ये २५६ तार लोंबत होते आणि एकही तुटला नव्हता. मग टोकांची कणीक तोडून त्याने ते सारे मागच्या उकळत्या पाण्यात भिरकावले. अर्धे दुकान मोबाइल वर करून त्याचे चित्रण करत होते. मीही टक लावून पाहिले, का पाहू नये? सुंदरच होते ते. वाडगा समोर आला तेव्हा त्या तारांना असा चिवटपणा होता की दाताला काम मिळत होते, आणि टोमॅटोचा आंबटपणा त्यांना लागून लागून येत होता. तिखट तेल थोडे जास्त पडले, पण कोल्हापूरकर माणसाला त्याचे काय!

काचेच्या बाजूला एक दार होते आणि ते सारखे उघडमिट करत होते. दारापलीकडे तीन बायका दिसत होत्या. एक मुळा चिरत होती. एक वाडगे विसळत होती. तिसरी, साधारण माझ्याच वयाची, मळलेल्या कणकेचे लांबट भाग करून, त्यांना तेल लावून, ओल्या फडक्याखाली ओळीने मांडत होती. तो तरुण दर दोन मिनिटांनी मागे हात करी आणि ती त्याच्या हातात पुढचा गोळा ठेवी. तिच्याकडे कोणीही मोबाइल वळवला नाही. दार मध्ये येत होते ना!

गर्दी ओसरल्यावर भाचीच्या मैत्रिणीला मी म्हटले, जरा त्या बाईंना विचार, त्या स्वतः नूडल्स ओढतात का? बाई हसल्या. "मी? नाही हो. बायकांच्या हातात तेवढा जोर नसतो." त्याच वेळी ते मैद्याचे पोते सरकवणे चालले होते. मग आणखी विचारले, घरी करता का? "घरी तर रोजच करते. घरचे वेगळे."

मैत्रिणींनो, या "घरचे वेगळे" शब्दांपाशी मला थांबायचे आहे.

आधी जोराचा प्रश्न. नूडल ओढणे हे पहिलवानी काम आहे, असे दुकानदार सांगतात, गिऱ्हाईक मानते आणि चित्रवाणीवरचे खाद्ययात्री तर 'पुरुषी कला' असे शब्द वापरून मोकळे होतात. जरा कणकेला विचारा. ती ताणली जाते ती गव्हातल्या चिकामुळे. मीठ, पाणी आणि खार यांचे प्रमाण बरोबर असले, मळणी पुरेशी झाली आणि मळल्यावर कणकेला विसावा मिळाला, की ती आपणहून लांबते. नुसत्या जोराने ओढली तर तुटते. लान्झोऊकडे पूर्वी वाळवंटातल्या एका झुडपाची राख करून तिचा खार या कणकेत घालत. पापडखार घालून उडदाचे पीठ कुटणाऱ्या आपल्या बायकांना हे रसायन कोणी शिकवायला नको. हातांना लागतो तो ताल, अंदाज आणि सराव. हात भरून येतात हे खरे. पण चार घागरी पाण्याने, दोन पोरांनी आणि सरपणाच्या मोळीने ते भरून येत नाहीत काय?

आणि याचा पुरावा चीनमध्येच आहे. गान्सूपासून शिनजियांगपर्यंत घराघरांत हाताने ओढलेल्या जाड नूडल्स खातात. उइघुर लोक त्यांना लगमान म्हणतात. घरात त्या कोण ओढते? बायका! सासू, सून, लेक. कणकेची वळी करून, तेल लावून, ताटात गुंडाळून ठेवतात आणि मग मनगटाभोवती घेऊन ताणतात. भाचीच्या मैत्रिणीची आई आठवड्यातून तीन-चारदा करते. शान्शी प्रांतात शीआन शहराभोवती पट्ट्यासारख्या रुंद नूडल्स होतात. त्यांचे नाव चिनी लिपीत लिहायचे तर पन्नासाहून अधिक रेषा काढाव्या लागतात, म्हणून जगभरची दुकाने ते अक्षर पाटीवर मिरवतात. त्या नूडल्सही शेतकऱ्यांच्या घरात बायकाच ओट्यावर आपटत आल्या आहेत. मग त्याच हातातला जोर दुकानाचा उंबरा ओलांडताना कुठे गळून पडतो?

तो कुठेही गळत नाही. उंबऱ्याच्या अलीकडे जे कर्तव्य असते ते पलीकडे कसब होते, एवढाच फरक आहे. कसबाला दाम मिळतो, आणि दाम आला की बाईचा हात नाजूक ठरतो!

याची तालीम लग्नापासूनच सुरू होते. शान्शीकडे नव्या सुनेने लग्नानंतर दोन-तीन दिवसांत पाहुण्यांसमोर नूडल्स लाटून, कापून दाखवायची जुनी रीत होती. ताटातल्या तारांच्या जाडीवरून तिच्या माहेरची किंमत व्हायची. थांग काळातल्या वांग च्यान या कवीनेही तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात शिरणाऱ्या नववधूवर कविता लिहिली आहे. म्हणजे हजार-बाराशे वर्षे ही परीक्षा चालू आहे. या परीक्षेला नापास होण्याची सोय आहे, पण पास झाल्यावर 'उस्ताद' ही पदवी काही नाही. पास झालेल्या बाईला रोज पहाटे उठून तेच करण्याचा अधिकार तेवढा मिळतो. आपल्याकडे रुखवतात गव्हले, नखुले, मालत्या मांडतात, त्यांची आठवण झाल्याशिवाय कशी राहील? एवढे बारीक काम करणारी बोटे पाहून वरपक्ष "मुलगी कामाची आहे" म्हणतो. मुलगी कलावंत आहे, असे म्हणताना मी तरी कोणाला ऐकलेले नाही.

नावांचे राजकारणही पाहण्यासारखे आहे. लान्झोऊच्या नूडल्सचे श्रेय मा बाओझी नावाच्या एका हुई मुसलमान गृहस्थाला देतात. १९१५ च्या सुमारास त्याने त्या विकायला सुरुवात केली असे सांगतात. त्याचे नाव आहे, साल आहे. आता शान्शीतल्या छिशान गावच्या प्रसिद्ध आंबट-तिखट नूडल्सची गोष्ट ऐका. तिथली लोककथा अशी की एका घरातली वहिनी फार छान नूडल्स करी, त्या खाऊन तिचा धाकटा दीर शिकला, मोठा अधिकारी झाला, आणि त्याने मित्रांना जेवायला बोलावल्यापासून 'वहिनीच्या नूडल्स' प्रसिद्ध झाल्या. वहिनीला चिनी भाषेत साओझी म्हणतात. पुढे काय झाले? बारीक चिरून परतलेल्या मांसालाही जवळजवळ त्याच उच्चाराचा शब्द आहे, आणि पाटीवर आज तोच लिहितात. वहिनी गेली, खिमा राहिला! कथा खरी असो वा खोटी, तिच्यात त्या बाईला मुळातच स्वतःचे नाव नव्हते. ती कोणाची तरी वहिनी होती.

फ्लशिंगच्या दुकानातही हेच. नूडल ओढणाऱ्या त्या पंचविशीतल्या मुलाला सगळे 'शिफू' म्हणत होते. शिफू म्हणजे उस्ताद, गुरू. हिशेब ठेवणाऱ्या, माल मागवणाऱ्या, गल्ल्यावर बसून दोन भाषांत भांडणाऱ्या बाईला 'लाओबानन्यांग' म्हणत होते. म्हणजे मालकाची बायको. मागच्या तिघींना तर नुसतीच हाक. आपल्याकडे काय वेगळे आहे? हॉटेलात 'आचारी' असतो, 'महाराज' असतो, रुमाली रोटी हवेत उडवणारा 'उस्ताद' असतो. आणि मागच्या बाजूला धुराजवळ बसून नगावर पोळ्या लाटते ती 'पोळ्यांची बाई'. पदनामावरून पगार ठरतो, हे कामगार चळवळीत काम केलेल्या कोणालाही सांगायला नको.

कसब बाईपर्यंत पोहोचू नये याचीही व्यवस्था होती. चीनमध्ये जुन्या कारागिरांचा दंडकच होता की विद्या मुलाला द्यावी, मुलीला देऊ नये. मुलगी परक्या घरी जाणार, विद्या तिच्याबरोबर जाईल! आपल्या सुतार-सोनारांनी वेगळे काय केले? बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे. आज चीनभर 'लान्झोऊ नूडल्स' या पाटीची जी दुकाने आहेत त्यांतली बरीचशी लान्झोऊच्या माणसांची नाहीतच. ती शेजारच्या छिंगहाय प्रांतातल्या हुआलोंग या गरीब, डोंगराळ तालुक्यातल्या मुसलमान कुटुंबांची आहेत. दुकानात सारे कुटुंब राबते. पण ओढायला बहुधा नवरा, भाऊ, पुतण्या. बायको चिरते, वाढते, विसळते, शिवाय पोरे सांभाळते. फ्लशिंगमध्ये मी त्या आठ दिवसांत अशी चार दुकाने पाहिली. चारही काचांमागे पुरुष होते.

त्या पुरुषांशी माझे भांडण नाही, हे इथेच सांगते. काचेमागचा तो मुलगा कोणाचा शोषक नव्हे. दिवसाचे बारा तास उभे राहून मनगटे झिजवायची, परक्या देशात कागदपत्रांच्या धास्तीत राहायचे आणि गावाकडे पैसे पाठवायचे, हे सुखाचे जिणे नव्हे. त्याच्या हातातले कसब खरे आहे आणि त्याला मिळते ते मोल कमीच आहे. माझे भांडण त्या काचेशी आहे. कोणते श्रम दाखवायचे आणि कोणते दाराआड ठेवायचे हे ती काच ठरवते.

दाराआडचे श्रम दाराआड राहावेत म्हणून काय काय करतात, हे एका म्हणीतून कळते. उत्तर चीनमध्ये जुनी म्हण आहे: कणीक मळून वळणावर येते आणि बायको मारून. चुलीजवळ दिवस काढणाऱ्या बाईला तिच्याच हातातल्या कणकेची उपमा देऊन मारायचे! भाचीच्या मैत्रिणीने ही म्हण हसत हसत सांगितली आणि मग ती जरा वेळ बोलली नाही. कौटुंबिक हिंसेविरुद्धचा कायदा चीनमध्ये व्हायला २०१५ चा डिसेंबर उजाडला, अंमल मार्च २०१६ पासून. आपला कायदा २००५ चा. कायदे झाले, म्हणी अजून जिवंत आहेत, इकडेही आणि तिकडेही.

आता दामाचे पाहू. २००७ साली महागाई वाढली तेव्हा लान्झोऊच्या प्रशासनाने नूडल्सच्या वाडग्याला कमाल दर ठरवून दिला. २०२१ मध्ये लान्झोऊच्या नूडल्स करण्याची कला चीनच्या राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. सरकारला वाडग्याचा दर कळतो, कलेचा वारसाही कळतो. घरातल्या वाडग्याचे काय? त्याच २०२१ च्या जानेवारीत चीनची नवी नागरी संहिता अमलात आली. घरकामाचा जास्त भार उचललेल्या जोडीदाराला घटस्फोटाच्या वेळी भरपाई मागता येते, असे तिच्यात कलम आहे. पुढच्याच महिन्यात बेजिंगच्या फांगशान न्यायालयाने एका बाईला पाच वर्षांच्या घरकामाबद्दल ५०,००० युआन द्यायचा निकाल दिल्याची बातमी आली. एवढ्या पैशात बेजिंगमध्ये पगारी मोलकरीण वर्षभरही ठेवता येत नाही, असे तिथल्या बायकांनी जाहीरपणे सुनावले. बरोबरच सुनावले.

पण आपण हसू नये. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये गृहिणीच्या कामाचे मोल महिना ३,००० रुपये धरले. कोणत्या खटल्यात? जमशेदपूरला १९८९ मध्ये मंडपाला लागलेल्या आगीत मेलेल्या बायकांच्या नुकसानभरपाईच्या खटल्यात. म्हणजे तिकडे घरकामाची किंमत काडीमोड झाल्यावर कळते, इकडे बाई मेल्यावर. नांदत्या, जिवंत बाईच्या कामाला दोन्हीकडे किंमत नाही.

तसे पाहिले तर ही मोजणी करा म्हणून सर्व देशांनी ज्या कागदावर मान्यता दिली तो कागद बेजिंगचाच. १९९५ च्या सप्टेंबरातल्या जागतिक महिला परिषदेचा कृती-आराखडा तुमच्यापैकी अनेकींनी शिबिरांत वाचला असेल. आपल्या कितीतरी मैत्रिणी तेव्हा हुआयरौच्या चिखलात छत्र्या घेऊन फिरल्या होत्या. बिनमोलाच्या श्रमांची आकड्यांत मोजदाद करावी, असे त्या आराखड्यात स्पष्ट म्हटले आहे. मोजदाद झाली आहे. चीनच्या २०१८ च्या पाहणीत बाईचे घरकाम रोज सरासरी १२६ मिनिटे, पुरुषाचे ४५. आपल्या २०२४ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची रोज २८९ मिनिटे, करणाऱ्या पुरुषाची ८८. 'करणाऱ्या' हा शब्द नीट वाचा. न करणारे पुरुष त्या ८८ मध्ये धरलेलेच नाहीत! मोजले, छापले, कपाटात ठेवले.

इथे आपल्याच काही मैत्रिणी मला अडवतात. त्यांचे म्हणणे असे की चूल हीच बेडी आहे. बाईने ती टाकावी, बाहेर पडावे, सरळ दुकानात जाऊन खावे. स्वयंपाकाचे कौतुक करणे म्हणजे मागच्या दाराने 'अन्नपूर्णे'ला परत आणणे. हा युक्तिवाद मला पटत नाही. दुकानात जाऊन खाल्ल्याने माझी चूल एक दिवस बंद राहते हे खरे, आणि त्या दिवशी मला बरेही वाटते. पण दाराआडच्या त्या तिघींची चूल त्यामुळेच पेटलेली असते, आणि दुकान बंद करून घरी गेल्यावर त्यांची दुसरी पाळी सुरू होते. चूल सरकारी हुकमाने बंद करून पाहण्याचा प्रयोगही चीनने केला आहे. १९५८ मध्ये कम्यूनची सार्वजनिक भोजनगृहे उघडली आणि बायका स्वयंपाकातून मुक्त झाल्या असे जाहीर केले. त्यांना मोकळे कशासाठी केले होते? शेतावर आणि बांधावर पुरुषांइतके राबायला. सामुदायिक जेवणाची कल्पना वाईट नव्हती, पण ती वरून लादलेली होती, आणि मागोमाग आलेल्या भीषण दुष्काळात भोजनगृहांतली पातेली रिकामी पडली. १९६१ पर्यंत ती मोडली. चूल घरी परत आली, आणि कोणाच्या पदरात? पुरुषांनाही हुकूम होता म्हणे समानतेचा! अर्धे आभाळ पेलणाऱ्या बाईने आभाळ पेलून झाल्यावर कणीक मळायला घेतली.

तेव्हा 'चूल सोडा' एवढे म्हणून भागत नाही. आपण चूल सोडतो तेव्हा चुलीतले कसब कोणाच्या हातात जाते हे पाहायला हवे. ज्या क्षणी त्याला बाजार मिळतो त्या क्षणी ते आपल्या हातून निसटते, आणि वर आपल्यालाच ऐकवले जाते की तुमच्या हातात जोर नव्हता.

आता आपल्या अंगणात या. पाटावरच्या शेवया आठवतात? यंत्रे येण्याआधी चैत्र-वैशाखात आळीतल्या बायका आळीपाळीने एकमेकींकडे जमत. गहू भिजवून, वाळवून, दळून, फडक्यातून चाळून काढलेली पिठी. ती मळायची, तेलाचा हात लावून कुटायची, मग पुन्हा मळायची. बाजेवर तिरका पाट, एक जण पाटावर बसून तळहाताने गोळा घासत तार काढणारी, दुसरी खाली बसून तो तार तुटू न देता ओढून काठीवर घेणारी. सकाळपासून दुपारपर्यंत! हाताने ओढलेल्या नूडल्स म्हणजे दुसरे काय असते? आणि खानदेशातले मांडे? दोन्ही हातांच्या कोपरापर्यंत पुरणाची पोळी फिरवत ताणायची, आणि पालथ्या तापलेल्या खापरावर टाकायची. नागपूरकडे रस्त्याच्या कडेला मडक्यावर लांब रोट्या टाकणाऱ्या बायका आजही दिसतात. तो हात पाहून कोणी म्हणावे की बाईच्या हातात जोर नसतो!

खाणावळीच्या धंद्यात राहून हक्क मागणाऱ्या बायका आपण पाहिलेल्या आहेत. गिरणगावात घरगुती खाणावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, तेव्हा पहिली लढाई होती बँकेच्या कर्जाची. 'हे घरकाम नाही, हा व्यवसाय आहे' हे बँकेच्या साहेबाकडून कागदावर मान्य करून घ्यायचे होते. 'अन्नपूर्णा' हा शब्द त्यांनी देव्हाऱ्यातून काढून पासबुकावर नेला. माझे म्हणणे त्याच वाटेवरचे आहे.

म्हणून आमच्या तालुक्यात सध्या चाललेला एक वाद तुमच्या कानावर घालते. लग्नाच्या जेवणात आता 'लाइव्ह काउंटर'ची पद्धत आली आहे. पाहुण्यांसमोर पदार्थ करून दाखवायचा. इथल्या एका केटररने गेल्या हंगामात शहरातून नूडल्स ओढणारा एक मुलगा आणला. त्याला एका संध्याकाळचे अडीच हजार रुपये, शिवाय गाडीभाडे. लोकांना आवडले. मग त्याच्या डोक्यात आले की शेजारी 'आपली परंपरा' म्हणून पाटावरच्या शेवयांचाही कोपरा करावा. आमच्या गटातल्या सात जणींना अजून ते काम उत्तम येते. त्याने निरोप धाडला: दोघी-दोघी या, नऊवारी नेसून या. प्रत्येकीला साडी, नारळ आणि पोटभर जेवण.

गटाच्या बैठकीत यावर बराच वेळ चर्चा झाली. दोघी म्हणाल्या, साडी तर साडी, घरी बसून तेही मिळत नाही. एकीने विचारले, त्या नूडल्सवाल्या पोराला साडी देतात काय? सगळ्या हसल्या आणि मग हिशेब मांडायला बसल्या. गहू भिजवण्यापासून पिठी होईपर्यंतचे दोन दिवस धरायचे की नाही? कणीक मळणारीची मजुरी वेगळी की पाटावरचीत? रात्री अकराला मांडवातून घरी कोण सोडणार? असे एकेक कलम वहीत उतरले. मागण्या अशा: नूडल्स ओढणाऱ्याला जेवढे, तेवढेच प्रत्येक बाईला, पिठीच्या दोन दिवसांची मजुरी वेगळी, रात्री घरापर्यंत गाडी, नेसायचे काय ते आम्ही ठरवू, आणि काउंटरच्या पाटीवर 'आजीच्या हातच्या शेवया' असे न लिहिता करणाऱ्या बायकांची नावे, आडनावांसकट.

केटररने पैसे कबूल केले. गाडीही कबूल केली. नावांना तो तयार नाही. "नावं कशाला, ताई? लोक खायला येतात, वाचायला नाही," असे तो म्हणतो. नूडल्सच्या काउंटरवर त्या मुलाचे नाव आणि फोटो दोन्ही होते, हे आमच्या मुलींनी त्याला त्याच्याच मोबाइलमधल्या फोटोत दाखवले. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या तिथीला अजून सव्वा महिना आहे. त्याचे दोन फोन येऊन गेले. गटाने अजून होकार दिलेला नाही.